तंबूतलं उत्तर

“नाय,” यूनकाका म्हणाले. “मला नाय यायचं. दुसरं कुणी तरी बघा.”

लोणीकंदच्या पुढे, नगर रस्त्यापासून बरंच आत, त्यांची कोंबड्यांची शेड होती. ते वाकून भुसा पसरत होते आणि मी नाकाला ओढणी लावून दारात उभी होते.

“काका, सोलला जायचंय. तुमच्या देशात. तिकीट, राहणं-खाणं, सगळं ते लोक करताहेत.”

“माझा देश ह्यो,” ते म्हणाले आणि हातातल्या फावड्यानं त्यांनी शेड दाखवली. “पासपोर्टावर तसंच लिवलंय.”

ही १९९८ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका लहान खासगी संग्रहालयात मी तेव्हा मातीच्या आणि चिनी मातीच्या वस्तूंचा विभाग सांभाळत होते. आमचे संस्थापक कापसाच्या व्यापारासाठी बरीच वर्षं जपानमध्ये राहिले होते आणि येताना त्यांनी कोरियातली काही जुनी भांडी आणली होती: वाडगे, एक चंबू, बायकांच्या केसांच्या तेलाची एक चपटी कुपी. सात-आठशे वर्षांपूर्वीची, गोर्यो राजवटीतली. सेलाडॉन म्हणतात त्या झिलईला. रंग ना धड हिरवा ना निळा. तिकडचे लोक त्याला खंड्याच्या पिसाचा रंग म्हणतात. ओल्या मातीत नक्षी कोरायची, कोरलेल्या जागेत पांढरी माती भरायची आणि मग वर झिलई चढवायची, अशी त्यांची रीत. त्यामुळे करकोचे आणि ढग पाण्याखालून दिसावेत तसे दिसतात. ही भांडी माणसांबरोबर पुरली जात. कोरियावर जपान्यांचं राज्य असताना केसोंग या जुन्या राजधानीभोवतालची थडगी उकरली गेली आणि भांडी बाजारात आली. आमचीही त्यातलीच.

यूनकाका म्हणजे यून गी-ते, केसोंगचे. कोरियन युद्ध थांबल्यावर तटस्थ म्हणून पहाऱ्याला गेलेल्या भारतीय सैन्याच्या ताब्यात आलेले आणि नंतर भारतातच राहिलेले जे मोजके युद्धकैदी होते, त्यांतले एक. चर्चमधल्या लोकांबरोबर ते एकदा संग्रहालय बघायला आले आणि त्या कपाटासमोर थांबले ते थांबलेच. नंतर अधूनमधून एकटे यायचे. समोरच्या बाकावर बसायचे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “आमच्या गावची हायेत ही.” एवढंच. युद्धाबद्दल, घराबद्दल कधी अवाक्षर नाही.

आता सोलमध्ये मोठं प्रदर्शन भरणार होतं. जगभर विखुरलेली गोर्यो भांडी काही आठवड्यांसाठी एकत्र येणार होती. आमचीही मागवली होती. वस्तूंबरोबर मी जाणार होते आणि सोबत भाषा जाणणारा एक माणूस न्यायची परवानगी होती. मला दुसरं कुणी सुचलंच नाही.

एस्तेरमावशी चहा घेऊन आल्या. यूनकाकांची बायको. मूळच्या नगरच्या, मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. लग्नाला चाळीसच्या आसपास वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

“जा की हो,” त्या म्हणाल्या. “कोंबड्या मी बघते. एवढी ही पोरगी आर्जवं करतेय.”

“तिथं कोण हाय माझं?”

“नसेना. गाव तर आहे.”

“गाव तिकडं. पलीकडं. उत्तरेत गेलं ते.”

मग मी सांगितलं की प्रदर्शनवाले पाहुण्यांना सीमेवर नेणार आहेत. तिथे एका टेकडीवर दुर्बिणी बसवल्यात आणि हवा स्वच्छ असली तर त्यातून केसोंग दिसतं.

त्यांनी कपबशी खाली ठेवली.

“दिसतं?”

“दिसतं म्हणतात.”

 ते मावशींकडे वळून म्हणाले, “एस्तेर, माझा तो कोट कुठाय बघ. लग्नातला.”

*

सोलमध्ये आमची व्यवस्था बघायला हान मी-ग्योंग नावाची तरुण मुलगी होती. इंग्रजी छान बोलायची. यूनकाका विमानतळावर तिच्याशी दोन वाक्यं बोलले आणि तिनं ओठ दाबून हसू आवरलं.

“काय झालं?” मी तिला विचारलं.

“काही नाही. माझे आजोबा असं बोलायचे. हे शब्द आता कुणी वापरत नाही.”

काकांनी तिला काय झालं म्हणून विचारलं नाही. गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. उंच इमारती, पूल, पाट्या. मध्येच म्हणाले, “मला वाचायला येतंय अजून.” आणि मग विमानतळापासून हॉटेलपर्यंत दिसेल ती पाटी ते हळू आवाजात वाचत गेले. औषधाचं दुकान. चष्म्याचं दुकान. बँक.

पेट्या उघडल्या तेव्हा ते हजर होते. मी एकेक वस्तू काढून तपासत होते, कुठे नवा तडा गेलाय का, झिलई सुटलीय का. करकोच्यांचा वाडगा काढला तेव्हा मी त्यांना हातमोजे दिले. इतकी वर्षं काचेतून बघितलेला तो वाडगा त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला.

“हलका हाय,” ते म्हणाले. “मला वाटलेलं जड असंल.”

दुसऱ्या दिवशी आम्हाला सीमेवर नेलं. रस्त्याच्या कडेनं काटेरी तार, मग नदी, मग सैनिकांच्या चौक्या. टेकडीवर कठड्याजवळ दुर्बिणींची रांग होती. शाळेची पोरं नाणी टाकून बघत होती, एकमेकांना ढकलत होती. मी नाणं टाकलं. काका वाकले.

पहिल्यांदा त्यांना काही सापडेना. मी-ग्योंगनं दुर्बीण जरा डावीकडे वळवली.

“सोंगाक,” ते म्हणाले.

तो डोंगर नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता. गरोदर बाई उताणी निजल्यासारखा. त्याच्या पायथ्याशी पांढुरके ठिपके, ते शहर. नाणी संपत होती, मी टाकत होते.  शेवटी काका सरळ उभे राहिले आणि शहराकडे नाही, अलीकडच्या सपाट झाडीकडे त्यांनी बोट दाखवलं.

“तिथं होतो आमी. तंबूत.”

आणि मग कठड्याला टेकून, मराठीत, त्यांनी मला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

युद्ध सुरू झालं तेव्हा ते शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. उत्तरेच्या सैन्यानं तोवर दक्षिणेत असलेलं केसोंग घेतलं आणि पोरांना ओळीत उभं करून भरती केलं. वडील आधीच वारले होते. ते जिनसेंगच्या औषधी मुळ्यांचा व्यापार करायचे. घरात आई आणि धाकटी बहीण, सुन-ओक. काही आठवड्यांतच काका अमेरिकनांच्या हाती सापडले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. युद्ध थांबलं, तेव्हा केसोंग उत्तरेकडे गेलं होतं.

“मग आमाला हिथं आणलं. भारताचे शिपाई पहाऱ्यावर. सरदारजी होते, मराठे होते. एकेकाला तंबूत बोलवायचे. आत टेबल. उत्तरेचा अधिकारी यायचा, तो म्हणायचा घरी चल. नंतर दक्षिणेचा. तो म्हणायचा आमच्याकडं चल. आणि भारताचा साहेब विचारायचा, कुठं जायचं? कुणी जबरदस्ती नाय करनार. तू सांग.”

“आणि तुम्ही?”

“घर तिथं दिसत होतं, पोरी. हा डोंगर तंबूतनं दिसायचा. चालत गेलो असतो तर संध्याकाळच्या आत घरी.” ते थांबले. “पन उत्तर म्हनलो असतो तर मी शरन गेलेला शिपाई. मला मारलं असतं नायतर खानीत घातलं असतं. दक्षिण म्हनलो असतो तर गद्दाराची आई, गद्दाराची बहीण. त्यांना सोडलं नसतं. मी लई रात्री इचार केला. आन मग म्हनलो, दोन्हीकडं नाय. तिसरीकडं. म्हटलं, कुणाचीच बाजू नाय घेतली तर त्यांना कुणी हात नाय लावनार.”

“नंतर पत्र?”

“उत्तरेला पाठवली. रेडक्रॉसकडनं. दर वर्षी. उत्तर नाय आलं. मी म्हनलं, नको येऊ दे. उत्तर दिलं तर तेंलाच तरास.”

ते पुन्हा दुर्बिणीपाशी गेले, पण या वेळी वाकले नाहीत. नुसता हात ठेवून उभे राहिले. बस सुटायची वेळ झाली तेव्हा म्हणाले, “बरं झालं आलो. असतील दोघी तिथं. आई नसंल आता. सुन-ओक असंल. साठीची म्हातारी.” आणि हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

*

उद्घाटनाला बरीच म्हातारी माणसं आली होती. केसोंगहून युद्धात पळून दक्षिणेत आलेल्यांचं एक मंडळ होतं, त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण भांडी त्यांच्या गावच्या मातीतून निघालेली. ती माणसं कपाटांसमोर हळूहळू सरकत होती. काही बायका भांड्यांना वाकून नमस्कार करत होत्या.

मी-ग्योंगनं काकांची ओळख पेक नावाच्या एका गृहस्थांशी करून दिली. तेही सत्तरीचे. दोघांची शाळा एकच निघाली, पेक दोन वर्षं पुढे. दोघं हातात हात धरून बोलायला लागले. मास्तरांची नावं, बाजार, दगडी पूल. मला भाषा कळत नव्हती, पण गावचं माणूस भेटल्यावर बोलणं कसं वाहतं ते कुठेही कळतं. आणि मग पेकनी काहीतरी विचारलं, काकांनी उत्तर दिलं, आणि पेकनी हात सोडला.

“काय विचारलं त्यांनी?” मी मी-ग्योंगला विचारलं.

“वडील काय करायचे म्हणून. आणि बहिणीचं नाव.”

पेक माफी मागून फोन करायला बाहेर गेले. बऱ्याच वेळानं परत आले, पण काकांपाशी आले नाहीत. मी-ग्योंगला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मला दिसत होतं, ऐकता ऐकता तिनं तोंडावर हात नेला. माझ्यापाशी येऊन म्हणाली, “उद्या सकाळी त्यांना कुणाला तरी भेटवायचंय. तुम्ही बरोबर थांबाल का?”

“कुणाला?”

“त्यांच्या भाचीला.”

“ती कशी आली इकडे? सीमा ओलांडून?”

मी-ग्योंग म्हणाली, “नाही. ती इथेच जन्मली आहे.”

*

भाचीचं नाव ओ हे-रान. तिशीतली, शाळेत शिकवणारी. संग्रहालयाच्या उपाहारगृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी आम्ही बसलो: काका, मी, मी-ग्योंग आणि ती. पेक आले नाहीत. हे-राननं आल्याबरोबर खाली गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून काकांना नमस्कार केला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मग ती समोर बसली आणि तिनं एक फोटो टेबलावर ठेवला. दोन बायका, एक म्हातारी, एक मध्यमवयीन, समुद्राकाठी.

काकांनी फोटो उचलला नाही. नुसते बघत राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. मी-ग्योंग माझ्या कानाशी पुटपुटत होती.

“कधी आल्या या इकडे, असं विचारताहेत.”

हे-रान बोलायला लागली. मी-ग्योंग वाक्य वाक्य सांगत होती. काकांना भरती करून नेलं, त्याच वर्षाच्या हिवाळ्यात. चिनी सैन्य येतंय म्हणून केसोंग रिकामं झालं तेव्हा हे-रानची आजी आणि आई, म्हणजे काकांची आई आणि सुन-ओक, बर्फातून चालत दक्षिणेत आल्या. इंचॉनला राहिल्या, पेक यांच्या मंडळात यायच्या. आजीनं मासळीबाजारात काम केलं. रोज रात्री ती एक जास्तीचा वाडगा भात काढून, झाकून, गोधडीत गुंडाळून ठेवायची. मुलगा आला तर गरम मिळावा म्हणून. मरेपर्यंत तिनं मुलाचं श्राद्ध करू दिलं नाही.

“आणि पंधरा वर्षांपूर्वी,” मी-ग्योंग सांगत होती, “टीव्हीवाल्यांनी ताटातूट झालेल्या माणसांना शोधायचा कार्यक्रम केला होता. मला आठवतं, मी लहान होते. हजारो लोक त्या इमारतीबाहेर पाट्या घेऊन उभे होते. हिची आईही होती. गळ्यात पाटी. भावाचं नाव, शाळा, डाव्या कानामागं भाजल्याची खूण. ही तिला डबा न्यायची. सबंध उन्हाळा.”

काकांचा हात डाव्या कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

हे-राननं पुढे सांगितलं की आई जाऊन दोन-तीन वर्षं झाली. मग तिनं टेबलावरचे हात आवळले. इतका वेळ ती खाली बघून बोलत होती. आता तिनं मान वर केली आणि एक वाक्य बोलली. मी-ग्योंगनं माझ्याऐवजी काकांकडे पाहिलं.

“काय म्हणाली?”

“ती विचारतेय, तुम्ही जिवंत होतात. मोकळ्या देशात होतात. मग दक्षिणेत एकही पत्र का नाही पाठवलंत?”

काकांनी तोंड उघडलं.  कोरियन भाषेत काही येईना, आणि मग ते मराठीत म्हणाले, माझ्याकडे बघून, जणू मीच विचारलं होतं:

“कुनाला पाठवू?”

हे-राननं मी-ग्योंगकडे पाहिलं, मी-ग्योंगनं माझ्याकडे. मी इंग्रजीत सांगितलं, मी-ग्योंगनं कोरियनमध्ये. हे-रान रडायला लागली. काका रडले नाहीत. मग ते मला म्हणाले, “तंबूत बसलो होतो ना मी, तवा त्या हिकडं होत्या. दोगीबी. तीन वर्षं होत आलेली त्यांना हिकडं येऊन. दक्षिण म्हनलो असतो तर आठ दिवसांत घरी.”

“काका, तुम्हाला कसं कळणार होतं?”

“साहेबानं विचारलेलं,” ते म्हणाले. “जबरदस्ती नाय, तू सांग म्हनला. मीच सांगितलं.”

दुपारी हे-राननं आम्हाला कबरस्तानात नेलं. उत्तरेकडे तोंड केलेली टेकडी होती. तिथे हिरवळीचे तीन उंचवटे होते. हे-रानच्या आजीचा, आईचा, आणि आईच्या हयातीतच केलेला तिसरा, लहान. त्यापुढच्या दगडावरचं नाव काकांनी मोठ्यानं वाचलं. त्यांचंच होतं.

“आत काय हाय?” त्यांनी पुन्हा कोरियनमध्ये, स्वतःच विचारलं.

त्यांचा शाळेचा सदरा, हे-रान म्हणाली. आजीनं केसोंगहून निघताना बरोबर घेतलेला. पळताना सोनं-चांदी नाही घेतलं, तो घेतला. आजी गेल्यावर आईनं तो पुरला.

हे-रान म्हणाली की तो दगड काढून टाकता येईल. काकांनी मान हलवली. त्यांनी आईला आणि बहिणीला वाकून नमस्कार केला. वाकले की उठताना त्यांना आधार लागत होता, मी हात दिला. तिसऱ्या उंचवट्यापाशी ते नुसते उभे राहिले. वारा होता. लग्नातल्या कोटाच्या बाह्या त्यांना आखूड होत होत्या.

*

हे-राननं त्यांना राहायचा आग्रह केला. ते थांबले नाहीत. प्रदर्शन संपायचं होतं, पण माझं काम झालं होतं, आम्ही ठरल्या दिवशी निघालो. विमानात त्यांनी काही खाल्लं नाही.

मी त्यांना घरी सोडायला गेले. एस्तेरमावशी अंगणातच उभ्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

“बसा,” म्हणाल्या. “काय झालं तिकडं?”

मी सांगायला तोंड उघडलं, पण काकांनी हात वर करून मला थांबवलं. ओट्यावर बसून त्यांनी स्वतः सांगितलं. पाच-सहा वाक्यांत. आई दक्षिणेत होती, बहीण दक्षिणेत होती, मी उत्तरेत समजत होतो. टीव्ही, पाटी, दगड. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत ऐकत होत्या.

सगळं सांगून झालं. शेडमधून कोंबड्यांचा कलकलाट येत होता. मग मावशींनी अगदी साध्या आवाजात विचारलं, “तेव्हा कळलं असतं, त्या दक्षिणेत आहेत म्हणून, तर गेला असता?”

मला वाटलं, काहीतरी खोटं बोलतील. कुणीही बोललं असतं. चाळीस वर्षांचा संसार होता. मावशींनी त्यांना टायफॉइडमधून काढलं होतं, मराठी शिकवली होती, माहेरचा विरोध घेऊन लग्न केलं होतं.

काकांनी त्यांच्याकडे सरळ बघितलं.

“गेलो असतो.”

मावशींनी मान डोलावली. उठल्या, आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला. चहा घेऊन आल्या तेव्हा कप दोनच होते, आमचे. स्वतःचा केला नव्हता.

आमची भांडी परत आली आणि पुन्हा कपाटात मांडली गेली. काका बघायला आले नाहीत. मी दोनदा लोणीकंदला जाऊन आले. दोन्ही वेळा ते शेडच्या मागे बाजेवर पडलेले होते, जागे. हे-रानचे फोन यायचे, ते उठायचे नाहीत. कोंबड्या मावशींनी हळूहळू विकून टाकल्या. तिसऱ्यांदा गेले ती त्यांच्या दफनाला. दुखणं असं काही नव्हतं, डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं.

चर्चच्या कबरस्तानात पाद्रीसाहेबांनी मावशींना विचारलं की दगडावर काय लिहायचं. नाव, जन्मगाव, काही वचन?

“ते तुमचं तुम्ही बघा,” मावशी म्हणाल्या. “मी चाळीस वर्षं ज्याला माझा म्हणत होते, तो माझा होता की तिकडचाच, मला सांगता येणार नाही.”

आणि बाकीचे मातीच्या मुठी टाकत असताना त्या एकट्याच फाटकाकडे चालू लागल्या. मी हाक मारली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.